पाळीच्या आसपास डोकं उठतं, मग इस्ट्रोजेन वेदना वाढवतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: इस्ट्रोजेन वेदना वाढवतं आणि टेस्टोस्टेरॉन कमी करतं हे खरं का, आणि पाळीच्या आसपास मायग्रेन होतो म्हणून हार्मोनची रक्ततपासणी करावी का. दुसरीचं उत्तर आधी देतो: एवढ्यासाठी करू नका. चक्रात इस्ट्रोजेन सतत वरखाली होत असतं, एका सकाळच्या आकड्यावरून काहीच कळत नाही. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि मग 'तुमच्या मनाचं आहे' असं ऐकवतात. असं सांगून बाईला परत पाठवणं मला अजिबात पटत नाही.

मायग्रेन भडकतो तो पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेन झपाट्यानं उतरतं म्हणून. गरोदरपणात ते कितीतरी वर असतं, तरी ऑरा (डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा दिसणं वगैरे) नसलेला मायग्रेन असणाऱ्या अनेकींना चौथ्या महिन्यापासून आराम पडतो. बाळंतपणानंतर पातळी कोसळली की दुखणं परत येतं. गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटात सात दिवस हार्मोन नसतं, तेव्हाही काहींचं डोकं नेमकं त्याच दिवसांत उठतं. उलट टोक बघा: स्तनाच्या कर्करोगात लेट्रोझोल हे इस्ट्रोजेन घटवणारं औषध दिलं की इस्ट्रोजेन जवळपास नाहीसं होतं, आणि सांधे दुखायला लागतात. इस्ट्रोजेन म्हणजे वेदना, हे समीकरण इथेच मोडतं.

तेव्हा तीन महिने डायरी ठेवा. रक्तस्रावाचा पहिला दिवस म्हणजे १, त्याच्या आदला उणे १. मध्ये शून्य नाही, इथेच मोजणी चुकते. रोज दुखणं ० ते १० मध्ये मांडा आणि कोणती गोळी किती वाजता घेतली ते लिहा. तीनपैकी किमान दोन पाळ्यांत झटका उणे २ ते अधिक ३ या पट्ट्यात आला, तर तो पाळीशी जोडलेला. पाळी नियमित असेल तर डॉक्टर नॅप्रोक्सेनसारखी गोळी दोन दिवस आधीपासून, ठरावीक दिवसांपुरतीच देतात. दुखणं चढल्यावर घेतलेली गोळी अपुरी पडते, कारण मायग्रेनमध्ये पोट मंदावतं आणि औषध उशिरा शोषलं जातं. महिन्यात १० किंवा जास्त दिवस ट्रिप्टान (मायग्रेनवरच्या खास गोळ्या), किंवा १५ किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामकं, असं महिनोन्‌महिने चाललं की गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं.

टेस्टोस्टेरॉनचं थोडक्यात. वयात येण्याआधी मुलगे आणि मुलींत मायग्रेनचं प्रमाण जवळपास सारखं असतं, नंतर बायकांत ते सुमारे तिप्पट होतं. उंदरांत नर-मादीची वेदनेची यंत्रणाही वेगळी दिसली आहे: नरांत मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या प्रतिकारपेशी, मादीत बहुधा टी-पेशी या दुसऱ्या प्रतिकारपेशी. यावरून टेस्टोस्टेरॉन वेदना कमी करतं असं वाटेल, पण म्हणून वेदनेवर त्याची इंजेक्शनं घेऊ नयेत, शुक्राणूनिर्मिती थांबू शकते. दीर्घकाळ अफूजन्य वेदनाशामकं घेणाऱ्या पुरुषांत मात्र टेस्टोस्टेरॉन खरोखर घटतं. तिथे तपासणीला अर्थ आहे.

'पुरुष जास्त सहन करतात' असं म्हणणाऱ्यांसाठी: १९९१च्या एका प्रयोगात समोर स्त्री संशोधक असताना पुरुषांनी वेदना कमी सांगितली. म्हणजे नोंदवलेल्या आकड्यात हार्मोनखेरीज बरंच काही मिसळलेलं असतं. शिवाय हे सगळे फरक सरासरीचे आहेत.

एक राहिलं. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा दिसत असतील, तर इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांना ते सांगाच, पक्षाघाताचा धोका वाढतो. अल्सर किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा गरोदर असाल, तर नॅप्रोक्सेन स्वतःहून घेऊ नका.