धागे ओढतात, पण कापतं कोण?

प्रश्न: पेशी विभागताना स्पिंडलचे धागे क्रोमोझोमना दोन बाजूंना ओढतात असं क्लासमधे शिकवलं, मग यात एन्झाइमचा काय संबंध?
– बारावीचा विद्यार्थी, सांगली

उत्तर: अरे, संबंध म्हणजे काय, एन्झाइम नसेल तर धागे कितीही ओढू देत, जोड्या सुटणारच नाहीत! एका क्रोमोझोमची कॉपी होऊन ज्या दोन सारख्या प्रती बनतात, त्या क्रोमॅटिड्सना कोहेसिन या प्रोटीनचं कडं धरून ठेवतं आणि ते कापतं सेपरेज हे एन्झाइम, तेही कड्याचा एकच ठराविक भाग, यीस्टमधे त्याला एससीसी१ म्हणतात. गंमत म्हणजे सेपरेज आधीपासूनच हजर असतं पण सेक्युरिन हे दुसरं प्रोटीन त्याला अडवून बसलेलं असतं, शेवटचा क्रोमोझोम धाग्यांना नीट जोडला गेला की एपीसी नावाचं एन्झाइम सेक्युरिनवर युबिक्विटिन या छोट्या प्रोटीनचा, म्हणजे 'हे नष्ट करा' असा शिक्का मारतं, पेशी त्याचा चुरा करते आणि सेपरेज मोकळं. व्हिएन्नात यीस्टवर काम करताना १९९९-२००० च्या सुमारास हे उलगडलं. आणि हो, टोपोआयसोमरेज २ पण आहे, डीएनएचे एकमेकांत अडकलेले वेढे ते कापून, सोडवून परत जोडतं. कॅन्सरवरचं इटोपोसाइड हे औषध त्याला नेमकं परत जोडू देत नाही. पुस्तकात एक ओळ तरी हवी होती खरंतर याच्यावर.