मुलाच्या वागण्यापायी आजींचा नंबर बंद करता येईल का?

प्रश्न: इंदूरला लोकमान्यनगरात माझा दवाखाना आहे. बहात्तर वर्षांच्या एक आजी अकरा वर्षं मधुमेहासाठी माझ्याकडे येतात, इन्सुलिन चालू आहे. त्यांचा मुलगा नंबर डावलून आत घुसतो, शिवीगाळ करतो. गेल्या आठवड्यात त्यानं कंपाउंडरची कॉलर धरली. "त्यांचा नंबर लावूच नकोस," असं मी कंपाउंडरला सांगून ठेवलंय. एवढं पुरे ना? डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव टाकून इतरांनाही सावध करावं म्हणते.

उत्तर: डॉक्टर, पुरे नाही. आज बाजू तुमची खरी आहे, पण आजींना दारातूनच परत पाठवलंत की चूक तुमच्या पदरात पडेल.

डॉक्टरांसाठी भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारनियम आजही लागू आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले. कोणाला तपासायचं हे ठरवायला डॉक्टर मोकळा आहे, असं २००२ चे नियम म्हणतात. मात्र एकदा रुग्ण हाती घेतला की त्याची हेळसांड करता येत नाही आणि त्याला व त्याच्या घरच्यांना पुरेशी पूर्वसूचना दिल्याशिवाय अंग काढून घेता येत नाही. कंपाउंडरनं "डॉक्टर नाहीत" म्हणणं ही काही सूचना नव्हे. त्यात आजींचं इन्सुलिन संपलं, पर्चा नवा करून मिळाला नाही आणि साखर चढली, तर ग्राहक आयोगापुढे तुम्हाला काय सांगता येईल?

मला विचाराल तर आधी आजींशीच बोला. तुमच्या रुग्ण त्या आहेत, मुलगा नव्हे. सून, नात, शेजारीण, कोणीही सोबत आलं तर चालेल, मुलानं दवाखान्यात पाय ठेवायचा नाही, असं स्पष्ट सांगून बघा. अकरा वर्षांत त्यांच्या पायाची जखम कधी चिघळली, कोणत्या गोळीनं त्यांना चक्कर येते, हे तुम्हाला पाठ असेल. नव्या डॉक्टरला ते कळायला वेळ लागतो आणि त्या वेळाची झळ आजींनाच बसेल.

तेही जमलं नाही, तर पत्र द्या. आजींना वाचता येईल अशा मराठीत, त्यांच्याच नावानं. "अमुक तारखेनंतर मी आपल्यावर उपचार करू शकणार नाही. तोपर्यंत नेहमीप्रमाणे तपासेन, औषधं लिहून देईन. कृपया दुसऱ्या डॉक्टरांची व्यवस्था करावी." एवढंच. मुलाची उणीदुणी त्यात नकोत. किती दिवस द्यायचे, याचा आकडा नियमात नाही. इन्सुलिनवरच्या रुग्णाला मी महिन्यापेक्षा कमी मुदत देऊ देणार नाही. जवळचे दोन-तीन फिजिशियन सुचवा. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा, केसपेपरवर तारखेसह नोंद करा. शेवटच्या भेटीत सध्याचे डोस आणि अलीकडचे रिपोर्ट यांचा गोषवारा हातात द्या. कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यावी लागतात. तुमच्याकडच्या प्रती मात्र सांभाळा. ग्राहक तक्रारीची मुदत २ वर्षांची आहे, आणि सबळ कारण असेल तर आयोग उशीरही माफ करतो.

मुदत संपल्यावरही एक अपवाद राहतोच. साखर एकदम उतरून आजींना रिक्षातून तुमच्या दारात आणलं, तर ग्लुकोज आधी, पत्र नंतर. जीव वाचवणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं आहे.

कॉलर धरल्याचा विषय वेगळा. त्याची तक्रार कंपाउंडरच्या नावानं ठाण्यात जरूर द्या. मध्यप्रदेशात डॉक्टर आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठी २००८ पासून स्वतंत्र कायदा आहे. त्या मुलाला जाब विचारण्याची जागा ठाणं आहे, आजींचा केसपेपर नव्हे.

ग्रुपवर मात्र काहीही टाकू नका. मुलाचं नाव आलं की आजींचं नाव आणि आजार उघड होणारच. रुग्णाची गोपनीयता तुम्ही त्यांना सोडलंत म्हणून संपत नाही.

आणि कंपाउंडरला आजच सांगा: पत्र जाऊन मुदत संपेपर्यंत आजी आल्या, तर त्यांचा नंबर लावायचा.