त्या रकान्यात काय लिहायचं?

प्रश्न : मी आठ जणांच्या टीमची प्रमुख आहे. दुसऱ्या विभागातून आमच्याकडे आलेला एक सहकारी काम चोख करतो, पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, मेलला नुसतं ‘ओके’ पाठवतो, जेवायला एकटा बसतो. ‘त्याला फार ॲटिट्यूड आहे’ असं सगळे म्हणतात. आता मलाही तसंच वाटू लागलंय. वार्षिक मूल्यमापनात ‘सांघिक वृत्ती’ या रकान्यात त्याला कमी गुण द्यावेत का?

उत्तर : नाही, निदान एवढ्यावरून तरी नाही. तुमच्या पत्रातलं ‘आता मलाही’ मला खटकलं. तुम्ही स्वतः पाहिलेल्या गोष्टी तीनच आहेत, बाकीचं ऐकीव.

आपण गप्प बसलो तर विषय नवा होता, डोकं दुखत होतं. दुसरा गप्प बसला की आपण थेट त्याच्या स्वभावावर जातो. ली रॉस या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये या चुकीला नावच दिलं : मूलभूत आरोपण दोष. ती टाळायची तर हॅरॉल्ड केली यांनी १९६७ मध्ये मांडलेले निकष उपयोगी पडतात. त्या मीटिंगमध्ये इतरही गप्प असतात का? हा सगळीकडेच गप्प असतो की फक्त तिथेच? आणि दर वेळी की कधीमधी?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच मिळवा. त्याच्या टेबलाशी जाऊन कामातली एखादी खरीखुरी अडचण विचारा. तो स्क्रीन तुमच्याकडे वळवून नीट समजावत बसला, तर टीमबद्दल त्याच्या मनात अढी असण्याची शक्यता कमी. त्याला चारचौघांत बोलणं जड जात असावं. मग मीटिंगचे विषय आदल्या दिवशी पाठवा, त्याच्या कामाचा मुद्दा आला की नाव घेऊन विचारा आणि तो विचार करत असताना मध्ये बोलू नका. हे शेवटचं फार थोड्या प्रमुखांना जमतं.

त्याच्या गप्प राहण्यानं काम अडत असेल, तर मात्र स्पष्ट बोलायलाच हवं. ‘तू तुसडा वागतोस’ असं नको. ‘परवाचा बदल तू कळवला नाहीस, म्हणून दोघांना तेच काम पुन्हा करावं लागलं’ असं सांगा, आणि हेच वाक्य रकान्यातही लिहा.

फॉर्म भरताना आणखी एक काळजी घ्या. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये सैन्यातल्या वरिष्ठांनी हाताखालच्या अधिकाऱ्यांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य या वेगवेगळ्या गोष्टींचे गुण संशय यावा इतके एकमेकांशी जुळत होते. एकूण माणूस आवडला की सगळीकडे गुण वर, नावडला की सगळीकडे खाली. म्हणून एकेका माणसाचा पूर्ण फॉर्म भरू नका. एक रकाना आठही जणांचा भरा, मग पुढचा घ्या.

एकट्यानं जेवण्याचा उल्लेख मात्र कुठेही नको. ती सुट्टी त्याची आहे.