घाटात डिझेल गाडीचा पिकअप जातो, काळा धूर आणि शिट्टीसारखा आवाज येतो, टर्बो गेला असेल का?

काळा धूर आणि शिट्टीसारखा आवाज म्हणताय ना, मग लगेच टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) बदलायला हो म्हणू नका, आधी टर्बो ते इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनला जाणारे होज पाईप बघा. माझ्या गाडीत क्लॅम्पखाली बोटभर चीर होती, वरून दिसतच नव्हती, हात फिरवला तेव्हा बोटांना काळं तेलकट लागलं, पाईप बदलला आणि गाडी पहिल्यासारखी ओढायला लागली. टर्बोचा दाब कमीजास्त करणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरची बारीक व्हॅक्यूम नळीपण बघा, ती कडक होऊन तडकते. निळा धूर येऊन ऑइल कमी होत असेल तर मात्र टर्बोवरच संशय घ्या, इंजिन थंड असताना टर्बोचा इनलेट पाईप काढून शाफ्ट (पाती बसवलेला दांडा) हलवा, बाजूला किंचित हलला तर चालतं, पण आतबाहेर हलला किंवा पाती घासलेली दिसली तर प्लीज गाडी चालवू नका, टो करूनच न्या.