सिंहाचा वाटा : घेण्याचा की देण्याचा?

इंग्रजीतले प्राण्यांचे वाक्प्रचार मराठीत आणताना तोच प्राणी ठेवला तर चालते का, आणि ‘लायन्स शेअर’ म्हणजेच आपला ‘सिंहाचा वाटा’ का, असा प्रश्न आला आहे.

सिंह तोच आहे, वाटा मात्र तो नाही. मूळ गोष्ट इसापाची. फीड्रस या रोमन कवीने ती लॅटिन पद्यात सांगितली आहे. गाय, शेळी, मेंढी आणि सिंह मिळून हरणाची शिकार करतात. (गाय शिकारीला कशाला गेली, हे विचारायचे नाही.) चार वाटे पडतात. सिंह म्हणतो, पहिला मी राजा म्हणून माझा, दुसरा भागीदार म्हणून, तिसरा बलवान म्हणून. आणि चौथ्याला हात लावणाऱ्याची खैर नाही. म्हणजे मुळात सिंहाचा वाटा मोठा नव्हे, अख्खाच! एकाने सगळा नफा घ्यायचा आणि दुसऱ्याने नुसता तोटा सोसायचा, अशा कराराला रोमन कायदेपंडित ‘सिंहाची भागीदारी’ म्हणत आणि तो अवैध ठरवत. इ.स. ५३३मध्ये सम्राट जस्टिनियनने सिद्ध करवलेल्या कायदेसंग्रहात तसे नोंदलेले आहे.

इंग्रजीत पुढे हा अर्थ ‘बराच मोठा भाग’ इतका मवाळ झाला. मराठीत सिंह आणखी पुढे गेला. ‘विजयात कर्णधाराचा सिंहाचा वाटा’ असे आपण कौतुकाने लिहितो. हा सिंह घेत नाही, देतो. माझा अंदाज असा, की हे खारीमुळे झाले. सेतू बांधताना अंगाला चिकटलेली वाळू झटकणाऱ्या खारीमुळे ‘खारीचा वाटा’ आपल्याकडे आधीपासून होता, आणि ‘वाटा उचलणे’ म्हणजे कामाचा भार घेणे. सिंह आला तो त्या खारीशेजारी उभा राहिला.

म्हणून भाषांतरात जपावे. थोरल्याने इस्टेटीतला ‘लायन्स शेअर’ घेतला, याचे मराठी ‘इस्टेटीत थोरल्याचा सिंहाचा वाटा आहे’ असे केले, तर ती त्यानेच कमावली असे वाटेल. ‘बहुतेक इस्टेट थोरल्याने लाटली’ म्हणा, निदान ‘थोरल्याच्या पदरात पडली’ तरी.

‘स्केपगोट’ची गंमत उलटी आहे. विल्यम टिंडेलने १५३०मध्ये बायबलच्या भाषांतरासाठी हा शब्द घडवला. बायबलमधल्या ‘लेवीय’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात दोन बकरे आहेत. एकाचा बळी देतात. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची सगळी पापे त्याच्यावर घालतात आणि त्याला रानात सोडून देतात. ‘स्केपगोट’ म्हणजे हा सुटलेला बकरा. आपण त्याला ‘बळीचा बकरा’ म्हणतो, म्हणजे नेमका भलताच बकरा पकडतो! शब्द आता रुळला आहे, त्याच्याशी भांडण नाही. कुणाची नोकरीच गेली तर तो शोभतोही. पण नुसता दोष ढकलला असेल, तर ‘त्याच्या डोक्यावर खापर फोडले’ हे अधिक नेमके. डोके तिथेही आहेच.

‘डार्क हॉर्स’ला काळा घोडा करू नये. तिथला ‘डार्क’ म्हणजे अज्ञात. इंग्रज लेखक डिझरायलीच्या १८३१च्या एका कादंबरीत असाच कुणाच्या खिजगणतीत नसलेला घोडा शर्यत मारून जातो. ‘छुपा रुस्तम’ चालेल. ‘क्रोकोडाइल टिअर्स’साठी ‘नक्राश्रू’ आहेच, तिथे डोके खाजवायला नको.

राहिला ‘एलिफंट इन द रूम’. सगळ्यांना दिसते, पण बोलत कुणीच नाही अशी गोष्ट. ‘खोलीतला हत्ती’ मराठी वाचकाला कोड्यात टाकतो आणि ‘मांजराच्या गळ्यात घंटा’ची अडचण वेगळी, तिथे उंदीर बोलतात भरपूर, पुढे होत नाही कुणी. मी इथे प्राणीच सोडून देतो आणि लिहितो, ‘मूळ मुद्द्यावर सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी’.