अमंग अससारख्या ऑनलाइन खेळांत इम्पोस्टर (इतरांत मिसळून गुपचूप खून करणारा खेळाडू) झालो की मी लगेच पकडला जातो. पटेल असं खोटं कसं बोलायचं?

माझ्या मते तुमची अडचण खोटं बोलण्यात नाहीच. इम्पोस्टर बहुतेक वेळा पकडला जातो तो त्याला गरजेपेक्षा जास्त माहीत आहे, हे दिसल्यामुळे.

हे सगळे खेळ ज्या ‘माफिया’ नावाच्या बैठ्या खेळातून निघाले, तो दिमित्री डाव्हिडॉफ यांनी १९८०च्या दशकात मॉस्को विद्यापीठात तयार केला. थोड्यांना सगळं ठाऊक आणि बाकीचे सगळे अंधारात, हा त्याचा पाया. आता एक हिशोब बघा. सात खेळाडू, त्यांत दोन माफिया (म्हणजे खुनी) आणि बाकीचे निरपराध ‘गाव’; डिटेक्टिव्ह-डॉक्टर अशा खास भूमिका कोणाला नाहीत. दर रात्री एक खून आणि दर दिवशी चिठ्ठी टाकून एकाची हकालपट्टी. सुरुवात दिवसाने होत असेल, तर गाव जिंकण्याची शक्यता ३५ पैकी ८, म्हणजे जेमतेम २३ टक्के. नुसत्या नशिबावर सोडलं तर गाव बहुतेक वेळा हरतं. त्याला वाचवते ती चर्चा. म्हणून इम्पोस्टरला फार काही सिद्ध करावं लागत नाही; चर्चेतून काही निष्पन्न झालं नाही तरी त्याला पुरतं. लांबलचक कहाणी रचणारे मला म्हणूनच अनाठायी कष्ट घेताना दिसतात. प्रत्येक जादा तपशील कोणीतरी तपासू शकतं.

आता मुख्य गोष्ट. मीटिंग (बॉडी सापडल्यावरची चर्चा) सुरू झाली की निरपराध माणूस आधी विचारतो, ‘बॉडी कुठे मिळाली?’ इम्पोस्टरला ते माहीत असतं, म्हणून तो प्रश्नच विसरतो आणि जागेचं नाव निघण्याआधीच ‘मी इलेक्ट्रिकलमध्ये (नकाशातली एक खोली) नव्हतो’ म्हणून मोकळा होतो. हे मी फार वेळा पाहिलंय. दुसरी खूण अशी की निरपराधाचा संशय चुकतो, बदलतो, एकावरून दुसऱ्यावर जातो. इम्पोस्टरचा संशय मात्र सोयीनुसार हलतो: जिकडे चार मतं, तिकडे पाचवं त्याचं.

यावर उपाय एकच. राउंड चालू असतानाच स्वतःला विचारत राहा, ‘मी क्रूमेट (निरपराध खेळाडू) असतो तर या क्षणी मला काय दिसलं असतं? संशय कोणाचा आला असता?’ आणि मीटिंगमध्ये तेवढंच बोला. मार्ग खरा सांगा, सोबत कोण होतं तेही खरं सांगा, फक्त खुनाची ती काही सेकंदं गाळा. टास्कचं (क्रूमेटला नेमून दिलेल्या कामाचं) नाटक करताना ते टास्क जितका वेळ घेतं तितका वेळ उभे राहा. टास्क बार (पूर्ण झालेली टास्क दाखवणारी पट्टी) दिसत असेल तर तुम्ही निघताना तो हलला का, याकडे हुशार खेळाडूंचं लक्ष असतं. व्हिज्युअल टास्क (करताना इतरांना दिसणारी टास्क) चालू असतील तर मेडबे (दवाखान्याच्या खोलीतलं) स्कॅन केल्याचं चुकूनही सांगू नका. ते स्कॅनिंग सगळ्यांना दिसतं आणि इम्पोस्टरला करताच येत नाही.

जोडीदार अडकला तर? पुरावा पक्का असेल तर त्याच्याविरुद्ध मत द्या, पण लवकर. बहुमत झाल्यावर दिलेलं मत कोणाला पटत नाही. पुरावा कच्चा असेल तर गप्प राहिलेलं बरं. लेखी (मेसेज लिहून खेळल्या जाणाऱ्या) माफियात तर हे आणखी महत्त्वाचं, कारण तिथे लोक मागे जाऊन कोणी कधी कोणाला मत दिलं ते वाचून काढतात.

एक मात्र कळकळीने सांगतो: ‘आईशपथ, मी नाहीये’ किंवा ‘आपल्या मैत्रीची शपथ’ हे खेळात आणू नका. खेळातलं खोटं सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं असतं, शपथ तशी मान्य केलेली नसते. त्या ग्रुपमध्ये पुढे तुमच्या शब्दावर कोणी मोकळेपणाने विसंबणार नाही, आणि खेळाबाहेरही ते सलत राहतं.

सराव क्रूमेट असतानाच करा. प्रत्येक मीटिंगमध्ये तुमच्या तोंडून आपसूक कोणते प्रश्न निघतात, ते लिहून ठेवा. इम्पोस्टर झालात की तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा.