राजीनामा दे, पण आधी वहीत महिने मोज

गोव्यात कांदोळीच्या रिसॉर्टात फ्रंट ऑफिसला आठ वर्षं, वय एकतीस, घर फोंड्याला, बाईकचा हप्ता चालू. मांडवीचा पूल ओलांडला की पोटात गोळा येतो, म्हणून विचारतोस की दुसरी नोकरी हातात नसताना राजीनामा देऊ का. वयाने मोठा आहे, अरे-तुरे करतो, रागावू नकोस.

मी डिचोलीचा. वेर्ण्याला एका औषध कंपनीत क्वालिटीत अकरा वर्षं काढली. पहाटे कंपनीची बस, परतायला अंधार. शेवटी शेवटी बॅच रेकॉर्डची, म्हणजे औषधाच्या प्रत्येक खेपेच्या नोंदीची, तीच ओळ चारदा वाचायचो आणि तरी सही करायला हात धजत नसे. २०१८ च्या जूनमध्ये काही हातात नसताना कागद दिला. मुहूर्त बघ माझा! मार्चमध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद झालेल्या, आमच्या भागात खनिज वाहणारे अर्धे ट्रक दारात उभे. २०१२ च्या बंदीत बाबांचाही ट्रक असाच उभा राहिला होता, हप्ते मात्र चालूच. बाबा एवढंच म्हणाले, "लोकांक नोकऱ्यो ना आनी तूं आसलेली सोडटा?" त्यावर मी थकवा, झोप, मन असं काय काय समजावत बसलो. काही उपयोग झाला नाही. ज्याने दारात उभा राहिलेला ट्रक पाहिलाय त्याला मन लागत नाही हे कारण पटत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

पटला तो वहीतला आकडा. घरखर्चातला माझा वाटा, हप्ता, विमा, आईची औषधं, सगळं मांडून दाखवलं की नऊ महिने कुणापुढे हात पसरायचा नाही. बाबांनी चष्मा लावून दोनदा बेरीज केली आणि गप्प बसले. म्हणून तूही घरी आधी आकडा सांग, भावना मागाहून.

महिने मोजताना एक चूक सगळे करतात, मीही केली. पहिले दोन महिनेही नोकरी शोधण्यात धरतात. ते धरायचेच नाहीत. ते झोपण्यात जातात. मी तिसऱ्या आठवड्यात मुलाखतीला गेलो आणि "आधीची का सोडलीत" या प्रश्नाला रडवेला झालो. सहा महिन्यांचे पैसे असतील तर तुझ्याकडे चारच महिने आहेत असं समज.

तुझे पैसे कुठून येतील? पाच वर्षं ओलांडलीस, तेव्हा ग्रॅच्युइटी तुझ्या हक्काची आहे. शेवटचा मूळ पगार महागाई भत्त्यासकट घे, २६ ने भाग, १५ ने गुण, मग ८ ने. २० हजार धरलेस तर सुमारे ९२ हजार होतात. पीएफला मात्र हात लावू नकोस, तो शेवटचा आधार. फक्त पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख नीट चढली ना ते बघ, नाहीतर पुढच्या नोकरीत डोकेदुखी. कंपनीचा आरोग्यविमा सहसा शेवटच्या दिवशीच संपतो. घरचं दीनदयाळ स्वास्थ्य कार्ड, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्यविम्याचं, चालू आहे का ते आजच तपास. आमचं नूतनीकरण राहून गेलं होतं, हे आईला घेऊन हॉस्पिटलच्या काउंटरवर पोचल्यावर कळलं.

आता वेळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात राजीनामा दिलास तर नाताळपर्यंत तुला सोडणार नाहीत, सोडलंच तर कडवटपणे. मार्चअखेर दे. नोटीस एप्रिलात संपेल, विश्रांतीचे महिने पावसात पडतील, आणि हॉटेलांची भरती ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होते तेव्हा तू ताजा असशील. (हल्ली पावसातही पर्यटक येतात, पण माणसं घेतात ती अजून सीझन बघूनच.) आणि काही झालं तरी "उद्यापासून जात नाही" करू नकोस. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र हातात घेऊनच बाहेर पड. गोव्यात हॉटेलवाले सगळे एकमेकांना ओळखतात.

पण मार्चपर्यंत तग धरवेल का, हा खरा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, ती आजार म्हणून नव्हे, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. सतत गळून जाणं, कामाबद्दल दुरावा नाहीतर तिटकारा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तुझ्या लिहिण्यात तिन्ही आहेत. मात्र एक ओळ मला खटकली, चवथीला घरी असूनही गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला उठावंसं वाटलं नाही म्हणतोस. माझं तसं नव्हतं, घरी मी माणसात असायचो. घरातही सगळं फिकं पडलं असेल तर गोष्ट नोकरीपुरती नसेल, आणि मग राजीनाम्याने ती सुटेलच असं नाही. आधी बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयाच्या ओपीडीत दाखव. तेवढंही जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे. जीव नकोसा वाटण्यापर्यंत गेलं असेल तर सीझन, ग्रॅच्युइटी, माझी वही सगळं बाजूला ठेव आणि आजच जा. डॉक्टरांनी लिहून दिलं तर आजारपणाची रजा मागता येते. मी ती मागितलीच नव्हती, लाजेखातर.

मला सातव्या महिन्यात काम मिळालं, म्हापशात, पगार आधीपेक्षा कमी. बाबांनी त्या रात्री वही मागून घेतली आणि उरलेल्या दोन महिन्यांचे पैसे किती ते विचारलं.